भुकेची नोंद कोणी ठेवायची?



गेल्या ऑक्टोबरातील प्रसंग आहे. धम्मचक्र प्रवर्तन दिनाचा कार्यक्रम आटोपला होता. भाड्याने घेतलेल्या सभागृहाची वेळ संपत आली होती. सरणत्तय झाले, भाषणे झाली, छायाचित्रे झाली आणि दीडशे माणसांचे जेवणही झाले. मोठ्या पातेल्यात भात उरला होता, वरण उरले होते. दोन बस बदलून आलेला एक विद्यार्थी शेवटपर्यंत थांबून भांडी घासत होता. त्याने एका ताईंना हळूच विचारले, "ताई, हा भात टाकून देणार असाल तर मी नेऊ का?" ताईंनी तीन डबे भरून दिले. आमच्या शेजारचे एक ज्येष्ठ बंधू कौतुकाने म्हणाले, "मुलगा काटकसरी आहे हो." आम्हीही मान डोलावली.

घरी परतताना अर्ध्या वाटेत आमच्या लक्षात आले की तो काटकसर करत नव्हता. तो पुढच्या तीन दिवसांची सोय करत होता.

त्यानंतरच्या बैठकीत आम्ही हा विषय काढला. आपल्या लोकांत पोटभर जेवायला न मिळणारे कोणी आहे का, याची पाहणी करावी असे सुचवले. उत्तर लगेच आले, "आपल्यात असं कोणी नाही." हे म्हणणाऱ्यांच्या मनात वाईट काही नव्हते. त्यांच्या डोळ्यांसमोर आपली घरे होती, गाड्या होत्या, मुलांचे पोहण्याचे वर्ग होते. आम्ही मात्र गप्प राहिलो, आणि ते गप्प राहणे आजही टोचते. कारण 'आपल्यात असं कोणी नाही' हे वाक्य खोटे आहे याचा पुरावा त्या खोलीत आमच्याच रूपाने बसलेला होता.

आम्ही पदव्युत्तर शिक्षणासाठी ओंटारियोत आलो तेव्हाचा पहिला हिवाळा आठवतो. तळघरातील एका खोलीत दोघे राहत होतो. भाडे आणि शुल्काचा हप्ता गेला की महिन्याचा शेवटचा आठवडा पाव, अंडी आणि मॅगीवर निघायचा. कधी कधी अंडीही नसायची. रविवारी आई व्हिडिओवर विचारायची, "जेवलास का?" आम्ही म्हणायचो, "हो, मस्त जेवलो." कॅमेरा भिंतीकडे वळवलेला असायचा. त्या वर्षी एखाद्या संस्थेने आम्हाला 'तुमचे सर्व ठीक आहे ना?' असे विचारले असते तर आम्ही 'अगदी ठीक' असेच सांगितले असते. भुकेल्या माणसाला भुकेबद्दल थेट विचारले की तो खोटे बोलतो. आपल्या समाजात तर तो हमखास खोटे बोलतो. म्हणून प्रश्न कसा विचारायचा, ही या पाहणीतील पहिली अडचण आहे.

या अडचणीवर कॅनडात बराच विचार झालेला आहे. स्टॅटिस्टिक्स कॅनडा कुटुंबांची अन्नसुरक्षा मोजण्यासाठी अठरा प्रश्नांची एक प्रश्नावली वापरते. त्यांतील दहा प्रश्न प्रौढांविषयी आहेत आणि आठ मुलांविषयी. प्रश्नांची चढण समजून घेण्यासारखी आहे. पहिला प्रश्न भुकेचा नसून काळजीचा आहे : पुन्हा पैसे हाती येण्याआधी घरातले अन्न संपेल अशी चिंता गेल्या बारा महिन्यांत वाटली का? मग अन्न खरोखर पुरले नाही का, चौरस आहार परवडला नाही का, असे विचारले जाते. त्यानंतर ताटातले कमी करणे, जेवण टाळणे, भूक असूनही न खाणे, वजन घटणे. आणि शेवटी, पूर्ण दिवस काहीच न खाणे. प्रत्येक प्रश्नाला 'पैसे नव्हते म्हणून' ही अट जोडलेली असते. वर्षावासात अष्टशील पाळणारा उपासक किंवा वजन कमी करू पाहणारा माणूस त्यामुळे या मोजणीत येत नाही.

उत्तरांवरून कुटुंबांचे वर्ग पडतात. एखाद्याच प्रश्नाला होकार असेल तर ती सीमान्त असुरक्षितता. प्रौढांच्या प्रश्नांपैकी दोन ते पाच प्रश्नांना होकार असेल तर मध्यम, आणि सहा किंवा अधिक असतील तर तीव्र. आमच्या पहिल्या हिवाळ्याचा हिशेब आम्ही या कसोटीवर मागाहून मांडून पाहिला. उत्तर 'तीव्र' असे आले. त्या काळात आम्ही स्वतःला भुकेले समजत नव्हतो. 'सध्या थोडी ओढाताण आहे' एवढेच समजत होतो.

आता देशाचे आकडे पाहू. टोरांटो विद्यापीठातील 'प्रूफ' हा संशोधनगट ही आकडेवारी दरवर्षी मांडतो. २०२४ साली दहा प्रांतांतील २५.५ टक्के लोक अन्नअसुरक्षित कुटुंबांत राहत होते. ही संख्या सुमारे एक कोटी होते आणि त्यांत सुमारे २५ लाख मुले आहेत. आदल्या वर्षी हे प्रमाण २२.९ टक्के होते. कृष्णवर्णीय आणि आदिवासी कुटुंबांत ते सर्वाधिक आढळते. अशा कुटुंबांपैकी निम्म्याहून अधिक कुटुंबांचे मुख्य उत्पन्न पगार किंवा मजुरी हेच आहे, म्हणजे घरात नोकरी आहे आणि तरी ताट अपुरे आहे. २०२२ साली दुकानातील खाद्यपदार्थांच्या किमती ९.८ टक्क्यांनी वाढल्या. १९८१ नंतरची ही सर्वांत मोठी वाढ होती. पगार त्या गतीने वाढले नाहीत, आणि भाडेही वाढत गेले.

१९८१ याच वर्षी एडमंटनमध्ये कॅनडातील पहिली फूड बँक सुरू झाली. मंदीच्या काळातील ती तात्पुरती सोय होती. मार्च २०२४ या एका महिन्यात देशभरातील फूड बँकांत लोक वीस लाखांहून अधिक वेळा गेले. आपल्या परिसरात, मिसिसागा नगरपरिषदेने नोव्हेंबर २०२४ मध्ये अन्नअसुरक्षितता ही आणीबाणी असल्याचे जाहीर केले आणि पुढच्याच महिन्यात टोरांटोनेही तसे केले. ही आपली शहरे आहेत. ज्या रस्त्यांवरून आपण कामाला जातो, त्याच रस्त्यांवर या रांगा आहेत.

तरीही रांग पाहून भूक मोजता येत नाही. अन्नअसुरक्षित कुटुंबांपैकी बहुसंख्य कुटुंबे फूड बँकेत जातच नाहीत, असे अभ्यासकांना वारंवार आढळले आहे. रांग फक्त दार ठोठावणाऱ्यांची मोजदाद करते. मोजणीची चौकट कोणी आखली आणि तिच्या बाहेर कोण राहिले, हा प्रश्न म्हणून महत्त्वाचा ठरतो. वर दिलेल्या दहा प्रांतांच्या आकड्यात राखीव वसाहतींत राहणारे फर्स्ट नेशन्सचे लोक धरलेले नाहीत. त्यांच्यासाठी स्वतंत्रपणे जो देशव्यापी अभ्यास झाला, त्यात जवळपास निम्मी कुटुंबे अन्नअसुरक्षित आढळली. ज्यांची भूक सर्वांत मोठी, तेच मुख्य आकड्याच्या बाहेर आहेत.

आपली गोष्ट थोडी वेगळी आहे. आपण मोजले जातो, पण 'दक्षिण आशियाई' या एका खणात. त्या खणात तीन पिढ्यांपासून येथे स्थिरावलेला व्यापारी आहे आणि मराठवाड्यातील दोन एकर कोरडवाहू जमीन गहाण ठेवून मुलाला पाठवणारा बापही आहे. सरासरी काढली की दोघेही सुखवस्तू दिसतात. जातीची नोंद नाही आणि कर्जाचीही नाही. मागे घरी पैसे पाठवावे लागतात, याचीही नोंद नाही. ज्याच्या घरून पैसे येतात आणि ज्याला घरी पैसे पाठवावे लागतात, अशा दोन विद्यार्थ्यांची ताटे सारखी कशी असतील?

विद्यार्थ्यांच्या बाबतीत नियमही पाहावेत. शुल्क आणि प्रवासखर्च सोडून वर्षभराच्या निर्वाहासाठी दहा हजार डॉलर दाखवले की पुरे, हा नियम महागाई वाढत असतानाही कित्येक वर्षे तसाच होता. १ जानेवारी २०२४ पासून ती रक्कम २०,६३५ डॉलर झाली. सरकारने एका दिवसात ती दुप्पट केली, याचाच अर्थ आधी आलेले विद्यार्थी गरजेच्या निम्म्या हिशेबावर आले होते. महाविद्यालयाबाहेर काम करण्याची तासांची मर्यादा नोव्हेंबर २०२२ ते एप्रिल २०२४ पर्यंत उठवलेली होती. नंतर ती पुन्हा लागू झाली आणि नोव्हेंबर २०२४ पासून आठवड्याला चोवीस तासांवर स्थिरावली. ज्यांनी पूर्ण वेळ कामाच्या भरवशावर भाड्याचा करार केला होता, त्यांच्या ताटावर त्याचा थेट परिणाम झाला. त्याच सुमारास ब्रॅम्प्टनमधील एका फूड बँकेने परदेशी विद्यार्थ्यांना अन्न देणार नाही असे जाहीर केले. 'यांनी तर पैसे दाखवले होते ना?' असा तो युक्तिवाद होता. आपल्यातील काही जणांनीही तो उचलला, याचे आम्हाला दुःख आहे.

येथे आपल्या इतिहासाकडे वळावे लागते, कारण अन्न मागण्याची लाज आपल्याला इतरांपेक्षा अधिक का वाटते, याचे उत्तर तेथे आहे. आपल्या आजोबा-पणजोबांनी येसकर-पाळी केली. दिवसभर गावकीचे काम करायचे आणि संध्याकाळी घरोघर जाऊन शिळ्या भाकरीचे तुकडे गोळा करायचे. ती भाकर कामाचा मोबदला होती, पण मिळायची भिकेसारखी. १९२७ च्या मार्चमध्ये महाडच्या परिषदेत बाबासाहेबांनी मृत जनावराचे मांस आणि उष्टे अन्न सोडून देण्याचे आवाहन केले. समाजाने ते मानले आणि उपाशी राहण्याची किंमत देऊन मानले. आपल्या स्वाभिमानाचा पाया असा ताटातच घातला गेला. म्हणूनच उरलेल्या भाताचे तीन डबे मागताना त्या मुलाचा आवाज खाली गेला असावा.

पण याच इतिहासाचे दुसरे पानही आहे. मुंबई सरकारने १९२८ साली नेमलेल्या स्टार्ट समितीचे बाबासाहेब सदस्य होते. अस्पृश्यांनी आपले हक्क बजावू पाहिले की गाव त्यांची कोंडी कशी करते, हे त्या समितीने नोंदवून ठेवले : जमीन काढून घ्यायची, मजुरी बंद करायची, वाट अडवायची आणि गावातल्या वाण्याला जिन्नस विकू द्यायचे नाहीत. वाण्याच्या दुकानात धान्य भरलेले असे, आपल्या माणसाच्या खिशात प्रसंगी पैसेही असत आणि तरी चूल पेटत नसे. धान्याचा साठा आणि ते मिळवण्याचा अधिकार या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे अमर्त्य सेन यांनी १९८१ साली दुष्काळांच्या अभ्यासातून जगासमोर मांडले. आपल्या वस्त्यांना ते आधीच अंगावर कळलेले होते. बाबासाहेबांनी त्या नोंदींचा पुढे पुराव्यासारखा उपयोग केला. त्यांनी समाजाची भूक लपवली नाही. तिची नोंद घेतली आणि ती सत्तेसमोर मांडली.

१९७२ च्या दुष्काळाच्या आठवणी आपल्या बहुतेक घरांत आहेत. लाल मिलोची भाकर, सुकडी, खडी फोडायला गेलेली आजी. त्या काळात लोकांनी फुकट धान्याऐवजी काम मागितले. त्यातून रोजगार हमी योजना उभी राहिली आणि १९७७ च्या कायद्याने कामाला हक्काचे रूप आले. येसकराच्या टोपलीतील तुकडा आणि रोजगार हमीची मजुरी यांत जे अंतर आहे, तेच अंतर आज फूड बँक आणि पुरेसे उत्पन्न यांत आहे. फूड बँक हे उत्तर नव्हे. तेथे जाणे ही लाजही नव्हे. या दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या आहेत.

आणखी एका गोष्टीबद्दल स्पष्ट बोलले पाहिजे. लंडनमध्ये शिकत असताना बाबासाहेबांनी अर्धपोटी राहून, रात्री पापडावर भूक भागवून अभ्यास केला, असे चरित्रकारांनी लिहिले आहे. आपण ही गोष्ट मुलांना अभिमानाने सांगतो. पण तिचा अर्थ 'विद्यार्थ्याने उपाशी राहूनच शिकावे' असा लागू लागला आहे. 'आम्हीही असेच दिवस काढले' हे वाक्य आमच्याही तोंडी अनेकदा आले आहे. बाबासाहेबांनी सोसले ते पुढच्यांना सोसावे लागू नये म्हणून. त्या सोसण्याचा आपण नियम करून टाकला, तर तो त्यांच्या कष्टांचा अपमान ठरेल.

भगवान बुद्धांची आळवी गावातील कथा आपण विहारात ऐकली आहे. हरवलेला बैल शोधून थकलेला, भुकेला शेतकरी धम्म ऐकायला उशिरा पोहोचला. सर्व लोक जमले होते, तरी बुद्ध थांबले. आधी त्याला जेवायला वाढा असे त्यांनी सांगितले, तो तृप्त झाल्यावरच देशना दिली. आम्हाला यातील लक्षणीय गोष्ट ही वाटते की तो शेतकरी काहीच बोललेला नव्हता. त्याच्याकडे पाहून ते ओळखले गेले. आपल्या कार्यक्रमांत जेवण सर्वांत शेवटी असते आणि दोन तासांच्या भाषणांत कोण सकाळपासून उपाशी आहे हे पाहण्याची आपल्याला सवय नाही.

म्हणून आमचा प्रस्ताव आहे की येत्या जयंतीपूर्वी आपल्या परिसरातील आंबेडकरी कुटुंबांची आणि विद्यार्थ्यांची एक छोटी पाहणी करावी. ती कशी करावी, याबद्दल काही विचार मांडतो.

पहिली गोष्ट यादीची. आपल्या व्हॉट्सॲप गटातील कुटुंबे म्हणजे आपला समाज नव्हे. वर्गणी परवडत नाही म्हणून गटात न आलेले, एकदाच येऊन गेलेले, रात्रपाळीमुळे कधीच न येऊ शकलेले, हे सर्व यादीत हवेत. सुरुवात त्यांच्यापासून करावी.

दुसरी गोष्ट गुप्ततेची. संगणकाच्या व्यवसायात आम्ही एक धडा शिकलो आहोत की नाव काढून टाकल्याने माणूस लपत नाही. 'अमरावतीचा, मास्टर्स करणारा, तळघरात राहणारा' एवढे लिहिले की आपल्या छोट्या समाजात तो कोण हे सर्वांना कळते. म्हणून कागदावर गाव, महाविद्यालय, वय यांपैकी काहीही विचारू नये. मराठीत छापलेली प्रश्नावली घरी न्यावी, खुणा कराव्यात आणि बंद पेटीत टाकावी. चार-पाच जणांच्या गटाचे वेगळे आकडे कधीही जाहीर करू नयेत.

तिसरी गोष्ट, उत्तर कोण देणार? सर्वेक्षणात घरातील एक प्रौढ सर्वांच्या वतीने बोलतो. आपल्या घरांत तो बहुधा पुरुष असतो आणि सर्वांत शेवटी जेवते ती आई, सून किंवा नातवंडे सांभाळायला आलेली आजी. पातेल्याच्या तळाशी किती उरले हे तिलाच माहीत असते. म्हणून एका घरातून एकाहून अधिक कागद यावेत आणि स्त्रियांकडून ते स्त्रियांनीच घ्यावेत.

चौथी गोष्ट भावांची. ओंटारियोतील सार्वजनिक आरोग्य विभाग पौष्टिक अन्नाच्या टोपलीची किंमत नियमितपणे काढतात. आपण आपली टोपली ठरवू : तांदूळ, तूरडाळ, कणीक, ज्वारीचे पीठ, तेल, कांदे, हिरवी भाजी, अंडी, सुकट. त्याच तीन दुकानांत दर महिन्याला तेच जिन्नस, तेच वजन. शिवाय गाडी नसलेल्या माणसाला त्या दुकानापर्यंत बसने किती वेळ लागतो, तोही लिहू. हे काम आपली शाळकरी मुले आनंदाने करतील आणि त्यातून बाजार व गणित दोन्ही शिकतील.

पाचवी गोष्ट, प्रश्नावलीच्या मागच्या बाजूला उपयोगी माहिती छापावी. २११ हा क्रमांक फिरवला की जवळची अन्नसेवा कळते. बहुतेक मोठ्या विद्यापीठांत आता फूड बँक आहे. अल्बर्टा विद्यापीठात ती १९९१ पासून आहे. फूड बँका धर्मादाय संस्था चालवतात, त्या स्थलांतर खात्याच्या शाखा नव्हेत. 'तेथे नाव गेले की पीआर अडेल' ही भीती अनेकांना उपाशी ठेवते. उत्पन्न नसले तरी करविवरण भरावे, कारण अनेक सवलती आणि बालकांचा भत्ता त्याशिवाय सुरू होत नाही. मोफत करविवरण भरून देणारी स्वयंसेवी केंद्रे आहेत आणि आपल्यातील लेखापाल मंडळी त्यांत प्रशिक्षण घेऊन बसू शकतात. एका कुटुंबाचा अडकलेला बालभत्ता सुरू करून देणे हे अन्नाच्या शंभर पिशव्यांपेक्षा मोठे काम आहे.

आणि शेवटची गोष्ट, पाहणीनंतर काय? एका सूचनेला आमचा आताच विरोध आहे : पिशव्या वाटतानाची छायाचित्रे. त्याऐवजी जयंतीच्या खर्चातून ठरावीक वाटा बाजूला काढून एक निधी करावा. मागणाऱ्याला कारण विचारू नये, परतफेडीची तारीख विचारू नये. आकडे मात्र बैठकीच्या टिपणात पडून राहू देऊ नयेत. ते नगरसेवकांकडे, विद्यापीठांकडे, प्रांतिक प्रतिनिधींकडे जावेत. बाबासाहेबांनी साऊथबरो समितीपासून हेच शिकवले की जो आपली मोजदाद दुसऱ्यावर सोपवतो, त्याच्या वाट्याला दुसऱ्याचाच निष्कर्ष येतो.

तो विद्यार्थी त्यानंतर दोन कार्यक्रमांना आला नाही. आम्ही त्याला दूरध्वनी केला. "कामाची पाळी होती, दादा," तो म्हणाला. "जेवण वगैरे ठीक चाललंय ना?" आम्ही विचारले. "हो, मस्त," तो म्हणाला.

तो आवाज आमच्या ओळखीचा होता. आम्ही त्याला एवढेच सांगितले की रविवारी आमच्याकडे स्वयंपाकाला मदत हवी आहे. तो आला. जेवताना आम्ही त्याला आमच्या पहिल्या हिवाळ्याची गोष्ट सांगितली, भिंतीकडे वळवलेल्या कॅमेऱ्यासह. तो बराच वेळ हसला आणि मग त्याने आपली गोष्ट सांगितली. ती येथे लिहिण्याचा अधिकार आम्हाला नाही. पाहणीची मराठी प्रश्नावली तयार करण्याचे काम मात्र त्याने मागून घेतले आहे. पुढच्या बैठकीत ती आपल्या हाती येईल. कृपया ती घरी न्या, दार लावून बसा आणि खरे उत्तर द्या.

जयभीम.